दोन टेकड्या, एक ईस्टर



सण कोणाचा असतो? प्रश्न साधा वाटतो. आपला सण आपला, शेजाऱ्याचा सण शेजाऱ्याचा, असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. पण एखाद्या गावात दोन्ही शेजारी एकाच प्रभूला मानतात, दोघांचा सणही एकच आहे, आणि तरी दोघांच्या दिनदर्शिकेत त्या सणाची तारीख वेगळी आहे, असे असेल तर काय करावे? आपली तारीख बरोबर आहे अशी खात्री असताना शेजाऱ्याच्या तारखेला सण करणे याला प्रेम म्हणायचे की दुबळेपणा? हा प्रश्न आम्ही एका दूरच्या ग्रीक बेटाच्या आधाराने आज तुमच्यापुढे मांडत आहोत. बेट दूर असले तरी प्रश्न दूरचा नाही, हे वाचता वाचता ध्यानात येईल.

ग्रीसच्या एजियन समुद्रात सायक्लेड्स नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील सिरोस हे बेट आकाराने लहान, पण ख्रिस्ती इतिहासात मोठे. बंदरात शिरणाऱ्या बोटीतून दोन टेकड्या दिसतात. एका टेकडीवर आनो सिरोस, म्हणजे 'वरचे सिरोस', हे मध्ययुगीन गाव आहे आणि त्याच्या माथ्यावर संत जॉर्ज यांचे कॅथोलिक कॅथेड्रल. दुसऱ्या टेकडीवर ऑर्थोडॉक्स बांधवांचे 'आनास्तासी' हे चर्च, म्हणजे पुनरुत्थानाचे मंदिर. दोन्ही टेकड्यांच्या पायथ्याशी एर्मुपोली हे शहर पसरले आहे.

हे दोन समाज एका बेटावर कसे आले? इ.स. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील पश्चिमेच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले. ख्रिस्ती सैन्याने ख्रिस्ती शहर लुटावे, ही जखम पूर्वेकडील ख्रिस्तसभा अजून विसरलेली नाही. त्यानंतर एजियन समुद्रातील अनेक बेटे व्हेनिसच्या सरदारांच्या हाती गेली आणि सिरोसवर लॅटिन विधीची कॅथोलिक श्रद्धा रुजली. पुढे तुर्की अंमल आला. १६१७ साली त्या सत्तेने सिरोसचे बिशप आंद्रेआ कार्गा यांना फासावर चढवले. बेटावरचे कॅथोलिक त्यांना हुतात्मा मानतात.

मग १८२१ साली ग्रीसचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. कॅथोलिक सिरोसला फ्रान्सचे संरक्षण होते आणि ते युद्धात तटस्थ राहिले. १८२२ मध्ये खिऑस बेटावर भीषण कत्तल झाली, १८२४ मध्ये प्सारा बेट उद्ध्वस्त झाले. तिथले आणि स्मर्ना शहराकडचे ऑर्थोडॉक्स निर्वासित जीव वाचवण्यासाठी सिरोसच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांनीच एर्मुपोली वसवली. वर जुने कॅथोलिक, खाली नवे ऑर्थोडॉक्स. वरच्यांना वाटे, हे आपल्या बेटावर आले. खालच्यांना वाटे, आम्ही रक्त सांडत होतो तेव्हा हे तटस्थ बसले. एका बेटावर राहूनही मने जुळायला पुष्कळ काळ जावा लागला.

सिरोसच्या कॅथोलिकांना आजही 'फ्रांगोसिरियानी' म्हणतात. 'फ्रांगोस' म्हणजे फ्रँक, पश्चिमेचा माणूस. आपल्या मराठीतला 'फिरंगी' हा शब्द त्याच मुळापासून आलेला आहे. घरात पिढ्यानपिढ्या ग्रीक बोलणाऱ्या, त्याच मातीत जन्मून त्याच मातीत पुरल्या जाणाऱ्या माणसांना केवळ श्रद्धेमुळे 'फिरंगी' म्हणावे, याचा अर्थ मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र या शब्दाचे पुढे काय झाले तेही पाहावे. मार्कोस वामवाकारिस हे प्रसिद्ध लोकगायक १९०५ साली आनो सिरोसमध्ये एका कॅथोलिक घरात जन्मले. १९३५ च्या सुमारास त्यांनी रचलेल्या 'फ्रांगोसिरियानी' या गाण्याने सारा ग्रीस जिंकला. परकेपणा दाखवणारा शब्द सर्वांच्या ओठांवरचे गाणे झाला.

आता सणांकडे वळू. ग्रीक बेटांवर गावच्या सणाला 'पानिगिरी' म्हणतात. प्राचीन ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'सर्वांचे एकत्र जमणे' असा होतो. म्हणजे सणाच्या नावातच 'सर्व' आहेत. आदल्या संध्याकाळी सायंप्रार्थना, दुसऱ्या दिवशी पवित्र उपासना, पाच भाकरी आशीर्वादित करून त्यांचे तुकडे जमलेल्या सर्वांना वाटणे, आणि मग जेवण, वाद्ये, नाच, असा ऑर्थोडॉक्स पानिगिरीचा क्रम असतो. पाच भाकरी कशाची आठवण देतात हे तुम्हाला सांगायला नको. कॅथोलिक गावांतही संताच्या सणाला मिस्सा झाल्यावर लोक एकत्र बसून जेवतात. संत जॉर्ज यांचा सण २३ एप्रिलला, पवित्र मरीयेचा सण १५ ऑगस्टला, खलाशांचे आश्रयदाते संत निकोलस यांचा सण ६ डिसेंबरला. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने १९२४ साली ठरलेल्या तारखांच्या सणांसाठी दिनदर्शिका सुधारून घेतली. त्यामुळे नाताळासारखे सण दोन्ही समाजांत एकाच दिवशी येतात.

अडचण राहिली ती सर्वांत मोठ्या सणाची. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने ठरवले की सर्व ख्रिस्ती लोकांनी पुनरुत्थानाचा सण एकाच रविवारी साजरा करावा. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, हा नियम त्यातूनच स्थिरावला. पण जुनी ज्युलियन दिनदर्शिका सूर्याच्या मागे पडत चालली होती. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी ती सुधारली; ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मोजला गेला. पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी ही सुधारणा ईस्टरच्या गणितासाठी स्वीकारली नाही. आज दोन दिनदर्शिकांमध्ये १३ दिवसांचे अंतर आहे, आणि दोन्ही ईस्टर कधी एकाच दिवशी, कधी एका आठवड्याच्या, तर कधी चार-पाच आठवड्यांच्या अंतराने येतात. २०२४ साली आपला ईस्टर ३१ मार्चला होता, त्यांचा ५ मेला.

एका लहान बेटावर याचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना करा. वरच्या टेकडीवर आलेलुया गायली जात असताना खालच्या गावात उपवास चालू आहे. वरच्यांचा पवित्र शुक्रवार आहे आणि खाली बाजार नेहमीसारखा भरला आहे. पाच आठवड्यांनी उलट चित्र. नवरा ऑर्थोडॉक्स आणि बायको कॅथोलिक असेल, तर एकाच घरात प्रभू दोनदा मरतो आणि दोनदा उठतो. मुलांनी काय समजावे?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने या दुखण्याची दखल घेतली. पौर्वात्य कॅथोलिक ख्रिस्तसभांविषयीच्या १९६४ च्या आदेशात परिषदेने अशी मुभा दिली की, सर्व ख्रिस्ती जगाचे एकमत होईपर्यंत एखाद्या प्रदेशातील ख्रिस्तसभांच्या प्रमुखांनी आपसांत विचार करून ईस्टर एकाच रविवारी साजरा करण्याचे ठरवावे. ग्रीसमधील कॅथोलिक ख्रिस्तसभा १९७० पासून ऑर्थोडॉक्स तारखेला ईस्टर साजरा करते.

तेव्हापासून सिरोसचा पवित्र आठवडा एकच आहे. पवित्र शुक्रवारच्या संध्याकाळी फुलांनी सजवलेली 'एपिताफिओस', म्हणजे प्रभूची अंत्यशय्या, खांद्यावर घेऊन मिरवणुका निघतात. आनो सिरोसच्या अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांतून कॅथोलिकांची मिरवणूक जाते. खाली शहरात ऑर्थोडॉक्स धर्मग्रामांच्या मिरवणुका मियाऊली चौकात एकत्र येतात. शनिवारच्या रात्री मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटत जाते, लोक एकमेकांना ख्रिस्त उठल्याची वार्ता देतात आणि ती खरोखरच सत्य असल्याचे उत्तर घेतात. लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडण्याचा खेळ घराघरांत होतो. हे सारे पाहायला आता दूरदूरहून पर्यटक येतात. मात्र या सणामागे काय सोडावे लागले, ते पर्यटकाच्या कॅमेऱ्यात सापडत नाही.

तर आता मूळ प्रश्न. सिरोसच्या कॅथोलिकांनी केले ते योग्य होते का? तीन आक्षेप घेता येतात, आणि तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. म्हणून त्यांचा विचार सावकाश करायला हवा.

पहिला आक्षेप असा: सत्य बहुमताने ठरत नाही. ग्रेगरी पोपमहोदयांची दिनदर्शिका सूर्याच्या गतीला अधिक धरून आहे, हे खगोलशास्त्र सांगते. मग जे बरोबर आहे ते सोडून चुकीच्या गणिताला मान का तुकवायची?

येथे तत्त्वज्ञानाची थोडी मदत घेऊ. ग्रीसचाच थोर विचारवंत ॲरिस्टॉटल न्यायाविषयी लिहिताना एक भेद करतो. काही गोष्टी स्वभावतःच योग्य असतात, त्या सर्वत्र सारख्याच. काही गोष्टी मात्र ठरवण्यापूर्वी कशाही असल्या तरी चालतात आणि ठरवल्यानंतर पाळाव्या लागतात. याचे त्याने दिलेले एक उदाहरण धार्मिक विधीचेच आहे: बळी एका बोकडाचा द्यावा की दोन मेंढ्यांचा. संत थॉमस अक्वायनस हाच भेद पुढे नेतात. घर असावे ही गरज सर्वांची. पण ते कोणत्या आकाराचे बांधावे हे गवंडी ठरवतो. त्याचप्रमाणे काही नियम मूळ तत्त्वातून अपरिहार्यपणे निघतात, तर काही त्या तत्त्वाला दिलेला एक आकार असतात.

ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, ही आपली श्रद्धा. तिच्यात तडजोड नाही. ती गेली तर आपली घोषणा व्यर्थ आहे, असे संत पौलच सांगतात. त्या घटनेचा वार्षिक सण अमुक रविवारी करणे, हा त्या श्रद्धेला दिलेला आकार आहे. शिवाय हा आकार ठरवणाऱ्या नायसिया परिषदेचा हेतू काय होता? सर्वांनी एकत्र सण करावा, हाच. एकत्र येण्यासाठी केलेला नियमच जर वेगळे राहण्याचे कारण होऊ लागला, तर त्याच्या अक्षराला चिकटून आपण त्याचा हेतू हरवतो. अशा वेळी अक्षराच्या पलीकडे जाऊन हेतू जपणे हा सद्गुण आहे. ॲरिस्टॉटल आणि संत थॉमस दोघेही त्याला 'एपिकिया' हे ग्रीक नाव देतात.

हा वाद नवा नाही, हेही लक्षात घ्यावे. इ.स. १५५ च्या सुमारास स्मर्नाचे वयोवृद्ध बिशप संत पॉलिकार्प रोमला पोप अनिसेटस यांना भेटले. ईस्टरचा दिवस कोणता यावर दोघांचे एकमत झाले नाही. कोणी कोणाला पटवू शकले नाही. पण पोप अनिसेटस यांनी आपल्या चर्चमध्ये पवित्र मिस्सा साजरी करण्याचा मान पॉलिकार्प यांना दिला आणि दोघे शांतीने निरोप घेते झाले. पुढे इ.स. १९० च्या सुमारास पोप व्हिक्टर याच कारणावरून आशियातील ख्रिस्तसभांशी संबंध तोडू पाहत होते, तेव्हा मूळचे स्मर्नाकडचे संत आयरेनियस यांनी त्यांना याच भेटीची आठवण करून दिली. ज्या स्मर्नातून हे दोघे संत आले, त्याच स्मर्नाकडच्या निर्वासितांचे वंशज आज सिरोसच्या पायथ्याशी राहतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: नेहमी लहानानेच का वाकायचे? ग्रीसमध्ये मूळचे ग्रीक असलेले कॅथोलिक लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. सरकारी सुट्ट्याही ऑर्थोडॉक्स पवित्र आठवड्याप्रमाणेच असतात. मग हा त्याग खरा की परिस्थितीपुढची शरणागती?

या आक्षेपाला टाळीचे उत्तर नाही. बलवानाने दुर्बलाकडे नमते घेण्याची मागणी केली, तर ते प्रेमाच्या नावाखाली दडपण होय. म्हणून मोठ्या समाजाने अशी मागणी कधीच करू नये. पण जो स्वतः होऊन सोडतो त्याची गोष्ट वेगळी. ती ओळखायची कशी? त्याने काय सोडले नाही, ते पाहावे. सिरोसच्या कॅथोलिकांनी पोपमहोदयांशी असलेले ऐक्य सोडले नाही, लॅटिन विधीची मिस्सा सोडली नाही, आपले बिशप, आपले संस्कार सोडले नाहीत. बिशप कार्गांचा वारसा सांगणारा समाज श्रद्धेबाबत बेफिकीर आहे असे कोण म्हणेल? जो कशासाठी मरायचे हे जाणतो, त्यालाच कशासाठी भांडायचे नाही हे कळते. ज्याला आपल्या श्रद्धेचा गाभा ठाऊक नसतो, तो सालीसाठीही जीव द्यायला आणि घ्यायला निघतो.

संत पौलांनी रोमकरांस लिहिताना याच प्रश्नाला हात घातला आहे. कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. दोघेही प्रभूसाठीच करतात, तर एकाने दुसऱ्याचा न्याय का करावा, असा त्यांचा सवाल आहे. करिंथकरांस लिहिताना ते आणखी पुढे जातात. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी ज्याचे ज्ञान बरोबर आहे, त्यालाच ते भावाखातर हक्क सोडायला सांगतात. चुकणाऱ्याने माघार घेण्यात काही विशेष नाही. बरोबर असणाऱ्याने भावासाठी माघार घेणे, यात प्रीती दिसते.

तिसरा आक्षेप किमतीचा आहे. ३१ मार्च २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधून सर्व जगाला ईस्टरचा आशीर्वाद दिला, तेव्हा सिरोसचे कॅथोलिक अजून ईस्टरची वाट पाहत होते. शेजाऱ्याशी एक होण्यासाठी दूरच्या कुटुंबापासून पाच आठवडे मागे राहायचे, ही किंमत खरी आहे. आणि एवढे करूनही ऐक्य पूर्ण झालेले नाही. दिवस एक, पण वेदी दोन. ऑर्थोडॉक्स आणि कॅथोलिक अजून एकाच ख्रिस्तशरीराचा स्वीकार एकत्र करू शकत नाहीत. ही वेदना लपवून 'आता सारे एकच' असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल.

तरीही आम्हाला वाटते, सिरोसने केले ते योग्यच आहे. ऐक्य पूर्ण झाल्यावर प्रेम सुरू होत नाही. प्रेमाने उचललेल्या लहान पावलांतून ऐक्याची वाट तयार होते. २००१ साली पोप जॉन पॉल दुसरे अथेन्सला गेले आणि कॅथोलिकांच्या हातून ऑर्थोडॉक्स बांधवांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल, १२०४ च्या लुटीची आठवण ठेवून, त्यांनी प्रभूची क्षमा मागितली. २०२५ साली नायसिया परिषदेला १७०० वर्षे झाली. त्या वर्षी दोन्ही ईस्टर योगायोगाने २० एप्रिललाच आले, आणि नोव्हेंबरमध्ये पोप लिओ चौदावे व पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी नायसियाच्या भूमीवर एकत्र प्रार्थना केली. एकत्र ईस्टरची चर्चा पुढे चालू आहे. पुन्हा दोन्ही तारखा आपोआप जुळतील त्या २०२८ मध्ये, १६ एप्रिलला. सिरोसचे लोक मात्र १९७० पासून तारखा जुळण्याची वाट पाहत थांबलेले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे हा प्रश्नच नाही. खरे आहे, पण का नाही? भारतातील मलंकारा ऑर्थोडॉक्स बांधव ईस्टर आपल्याच दिवशी साजरा करतात. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे मुंबईत आणि आसपास राहतात. जगातील बहुतेक ऑर्थोडॉक्स समाजांची तारीख वेगळी असताना आपल्या या शेजाऱ्यांची तारीख आपल्याशी जुळते, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आले होते? दुसऱ्याची दिनदर्शिका आपल्याशी जुळलेली असली की आपल्याला ते नैसर्गिकच वाटते. आपल्याला जुळवून घ्यावे लागले की मात्र तो त्याग मोठा दिसू लागतो.

आणि तारखेचा नसला तरी आकाराचा वाद आपल्याकडेही आहेच. मिरवणूक कोणत्या आळीतून आधी जावी, पुतळा कोणी उचलावा, बँड कोणत्या गावचा असावा, गायनात जुनी गीते असावीत की नवी, यावरून सणाच्या सभेत आवाज चढतात. कधी कधी दोन घरे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. ज्या संताचा सण असतो त्याचे नाव बाजूलाच राहते. अशा वेळी हट्ट धरण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी ज्यासाठी भांडतो आहे तो श्रद्धेचा गाभा आहे की तिला दिलेला आकार? माझ्या हट्टामुळे सणातून कोण बाहेर राहणार आहे? आणि मी सोडणार असेन तर मनापासून सोडतो आहे की नंतर सुनावण्यासाठी?

उलट बाजूही विसरू नये. मुलाच्या क्रिकेट स्पर्धेसाठी रविवारची मिस्सा सोडणे, हॉल स्वस्त मिळतो म्हणून उपवासकाळात लग्नाची धामधूम उडवणे, याला सिरोसचे उदाहरण लागू पडत नाही. तेथील लोकांनी शेजाऱ्यासाठी सोडले. आपण आपल्या सोयीसाठी सोडतो. दोन्हींत 'सोडणे' आहे, पण एकात प्रीती वाढते आणि दुसऱ्यात श्रद्धा झिजते.

पानिगिरी म्हणजे सर्वांचे एकत्र जमणे. आपला पुढचा सण जवळ येतो आहे. त्याची तयारी करताना रोषणाईचा आणि जेवणाचा हिशेब आपण करूच. त्याबरोबर आपल्या हट्टामुळे कोणाची जागा रिकामी राहणार आहे, याचाही हिशेब करू या. आणि सिरोसच्या दोन्ही टेकड्यांवरच्या बांधवांसाठी आजच्या मिस्सेत एक प्रार्थना करू या, की ज्यांनी एक दिवस वाटून घेतला, त्यांना एक दिवस एकच वेदीही लाभो.

प्रभूची शांती तुम्हा सर्वांबरोबर असो.

आपले धर्मगुरू